हातगाडी कुणाच्या मालकीची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या पानावर एका वाचकाने लिहिलं होतं, लाडक्या बहिणींना महिन्याला १,५०० रुपये मिळतायत खरे, पण गरिबांना मुळात बचतीची सवयच नाही, पैसा साड्या, रिचार्ज आणि जत्रेत जातो, तर आधी त्यांना बचत शिकवा. वाचून हसू आलं आणि रागही आला. हसू यासाठी की गेली २४ वर्षं माझं स्वतःचं पोट गरिबांच्या बचतीवर चाललंय. मी पिग्मी एजंट आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, भाजी मंडई, एसटी स्टँड आणि मागची मटण मार्केटची गल्ली एवढी माझी लाईन. रोज संध्याकाळी साडेचार ते नऊ. साधारण १४० गिऱ्हाईकं, त्यातली निम्म्याहून जास्त बायका.

पिग्मी म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. एजंट रोज दुकानावर, गाड्यावर येतो, तुम्ही २०, ५०, १०० जे जमेल ते देता, तो मशीनवर एन्ट्री करून चिठ्ठी देतो, वर्षाने रक्कम व्याजासकट तुमच्या हातात. ही आयडिया मूळ उडुपीची. पुढे जिला सिंडिकेट बँक म्हणून लोक ओळखायला लागले तिने १९२८ साली सुरू केली, रोज दोन आणे घ्यायचे. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी हा शब्द आमच्या मंडईत अजून आहे, मलाही नावाने कोणी हाक मारत नाही, "ओ पिग्मी, इकडं या" एवढंच.

आता व्याज विचाराल तर ते नावालाच, पोस्टाच्या आरडीपेक्षा बरंच कमी. सहा महिन्याच्या आत मोडली तर व्याज नाहीच, वर कमिशन कापून घेतात. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर गरीब माणूस स्वतःचे पैसे कुणीतरी सांभाळावेत म्हणून वरून पैसे मोजतो. आणि तरी भरतो. पावसात मंडई ओस पडलेली असते, दहा रुपयाची पण विक्री नसते, तरी आमची एक मावशी कनवटीतून वीसची नोट काढून देते आणि म्हणते घे बाबा, घरी नेली तर राहायची नाही. आणि त्या वाचकांना वाटतंय की हिला बचत शिकवायला पाहिजे.

तर या मावशीचीच गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही कारण तिला आवडणार नाही. कोथिंबीर, मेथी, शेपू विकते. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गाडा भाड्याचा होता. आमच्याकडे एकाच माणसाच्या मालकीच्या पंचवीस-तीस हातगाड्या असतात आणि तो त्या रोजाने देतो, तेव्हा ३० रुपये रोज. मावशी हे भाडं किती वर्षं भरत होती विचारलं तर म्हणाली, धाकटी पोटात होती तेव्हापासून. धाकटी तेव्हा नववीला. म्हणजे धरा चौदा-पंधरा वर्षं. आधी रोज कमी असेल, दहा, पंधरा, वीस. पण शेवटच्या काळात तरी वर्षाचे ३०० दिवस धरले तर ९,००० रुपये भाडं. आणि नवीन गाडा, चाकं टायर सगळं धरून, तेव्हा साडेआठ हजाराला बनत होता. म्हणजे दर वर्षाला एक गाडा होईल एवढे पैसे बाईने दुसऱ्याला दिले आणि इतक्या वर्षांनी तिच्याकडे गाडा नव्हता.

ती काय वेडी नव्हती. तिला हा हिशेब माझ्याआधी माहीत होता. ३० रुपये रोज देणं जमतं, साडेआठ हजार एकदम देणं जमत नाही, सगळी गोम इथे आहे. मग तिने पिग्मी लावली, २० रुपयाची, आणि दोनदा मोडली. एकदा नवऱ्याचा हात फ्रॅक्चर झाला म्हणून आणि एकदा मोठीच्या बाळंतपणाला. तिसऱ्या वेळी मात्र चौदा महिने भरली आणि गाडा घेतला. निळा रंग, पुढच्या फळीवर "आईची कृपा". ज्या दिवशी घेतला त्या दिवशी मला पेढा दिला आणि मी तोंडात टाकतोय तोच म्हणाली, आता मशीनवर ३० मार. भाडं वाचलंय ना, ते तुझ्याकडंच येऊ दे. मी २४ वर्षांत अर्थशास्त्र म्हणून जे काही शिकलो ते या एका वाक्यात शिकलो, बाकी माझं शिक्षण बारावी नापास.

माझी मुलगी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी करतेय, तिला ही गोष्ट सांगितली तर म्हणाली पप्पा हेच तर आमच्या अभ्यासात आहे. मायकल शेराडन नावाचे अमेरिकेतले एक प्रोफेसर आहेत, त्यांनी १९९१ सालीच मांडलं होतं की गरिबाला नुसतं महिन्याचं खर्चाला देऊन तो जगतो पण गरिबीतून वर येत नाही, वर यायचं तर त्याच्याकडे काहीतरी मालकीचं साठलं पाहिजे, घर, शिक्षण, धंद्याचं भांडवल. त्यासाठी त्यांनी अशी खाती सुचवली की गरिबाने एक रुपया (म्हणजे डॉलर) टाकला की सरकारने नाहीतर संस्थेने त्यात आपला रुपया घालायचा. मी म्हटलं चांगलं आहे, पण आमच्या मावशीला कुणी घातला नाही. मुलगी म्हणाली म्हणून तर चौदा महिने लागले, सात महिन्यात झालं असतं. त्यावर मला काही बोलता आलं नाही.

असो. आता आपल्याकडे सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. लेक लाडकी योजना बघा, पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांच्या घरात मुलगी झाली की ५,०००, पहिलीत गेली की ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ वर्षांची झाली की ७५,०००, एकूण १ लाख १ हजार. माझ्या मते ही लाडकी बहीणपेक्षा जास्त विचार करून काढलेली योजना आहे पण हिची जाहिरात कुठे दिसत नाही, कारण त्या मुली अजून मतदान करत नाहीत (हे माझं वैयक्तिक मत, छापायचं नसेल तर कापा). सुकन्या खातं पण चांगलंय, वर्षाला कमीत कमी २५० रुपये टाकून पण चालू राहतं. बचत गट तर घराघरात पोचलेत. १९९२ साली नाबार्डने ५०० गट बँकांना जोडायचं ठरवून हे काम सुरू केलं, आज कुठल्याही गावात जा, गट आहेच.

आणि बाजूच्या माण तालुक्यात म्हसवडला तर बायकांची स्वतःची बँक आहे, माणदेशी महिला सहकारी बँक, १९९७ पासून. चेतना सिन्हा यांनी ती उभी केली. आधी रिझर्व्ह बँकेने परवानगी नाकारली होती कारण प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर. मग त्या बायका लिहाय-वाचायला शिकल्या, परत अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या आम्हाला वाचता येत नव्हतं पण मोजता येतं, तुम्ही सांगाल त्या रकमेचं व्याज काढून दाखवतो, तुम्ही पण कॅल्क्युलेटर न घेता काढा. आमच्या मंडईत हा किस्सा मी बऱ्याचदा सांगतो, कुणालाच आश्चर्य वाटत नाही. जी बाई रोज पन्नास गिऱ्हाइकांना सुट्टे देते तिला व्याज काय सांगायचं.

मग अडतं कुठे? माझ्या अनुभवाने तीन-चार ठिकाणी अडतं आणि त्यात गरिबाची सवय कुठेच येत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे पैसे ठेवायची जागाच भरवशाची नसते, आणि हे सांगताना मला स्वतःलाच लाज वाटते. मी आत्ता एका बँकेसाठी पिग्मी करतो पण सुरुवातीची आठ वर्षं एका पतसंस्थेसाठी करत होतो. काचेचं ऑफिस, चेअरमनचा मोठा फोटो, दिवाळीला सभासदांना स्टीलचा डबा. संचालकांनी सग्यासोयऱ्यांना कर्जं वाटली, ती थकली, आणि एका सोमवारी शटर वर गेलंच नाही. लोकांनी चेअरमनला पाहिलेलं नव्हतं, मला पाहिलं होतं. पैसे माझ्या हातात दिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता माझ्या दारात पंचवीस-तीस माणसं, शिव्या कमी आणि गप्प बसलेली जास्त. एक चप्पल शिवणारे काका होते, त्यांचे ११,४०० रुपये होते, पोराला मोटार वायंडिंगच्या कोर्सला घालायचं होतं. ते काहीच बोलले नाहीत, फक्त पिशवीतून माझ्या सह्यांची सगळी कार्डं काढून ओट्यावर मांडून ठेवली. अवसायक (बुडालेल्या संस्थेची वसुली करून पैसे वाटायला नेमलेला माणूस) आला, वर्षं गेली, थोडे थोडे पैसे काहींना मिळाले, काकांना निम्मे मिळाले तोवर पोरगा हॉटेलात कामाला लागला होता. मी दोन वर्षं मंडईच्या मागच्या रस्त्याने जायचो.

बँक बुडाली तर ठेवीला विमा आहे, पूर्वी १ लाखापर्यंत होता, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख. पण हा विमा पतसंस्थेच्या ठेवीला नाही. आणि गरीब माणूस पैसे कुठे ठेवतो? पतसंस्थेत, भिशीत, सोनाराकडे, गटाच्या पेटीत. कारण बँकेत गेला तर अर्धा दिवस धंदा बुडतो, केवायसी, आधारवरचं नाव वेगळं, पासबुकवरचं वेगळं, काउंटरवरची मॅडम म्हणते सर्व्हर डाऊन आहे उद्या या. जनधनची खाती २०१४ पासून निघाली, चांगलं झालं, सबसिडी येते, पण खातं असणं वेगळं आणि रोज संध्याकाळी वीस रुपये घ्यायला कोणीतरी गाड्यापाशी येणं वेगळं. बँकेचा पगारी माणूस ते करत नाही कारण बँकेला परवडत नाही. आम्ही एजंट करतो कारण आम्हाला दुसरं काम येत नाही.

दुसरी गोष्ट, डेलीवाले, म्हणजे रोज हप्ता घेणारे सावकार. मंडईत १०,००० चं लोन म्हणजे हातात ९,००० येतात, हजार आधीच कापलेले, आणि मग १०० दिवस रोज १०० रुपये. कर्ज पहिल्या दिवसापासून फिटत जातं आणि कापलेला हजार मात्र पूर्ण रकमेवर पूर्ण मुदतीचा, तर व्याजाचा दर काय पडतो तो तुम्हीच काढा, तुमच्याकडे अर्थविषयक पान आहे. फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजना आली २०२० साली, तेव्हा १०,००० च्या कर्जापासून सुरुवात होती, फेडलं की २०,०००, मग ५०,०००, त्याने माझ्या लाईनीतले काही जण डेलीच्या तावडीतून सुटले हे मी बघितलंय, पण सगळ्यांना त्यासाठी लागणारं फेरीवाल्याचं सर्टिफिकेट मिळालं नाही. आणि गटांचं पण आता वेगळंच चाललंय. पूर्वी गटात बाई महिन्याला ५० रुपये टाकायची आणि गरजेला आपल्याच पैशातून उचलायची, शेकडा दोनने, ते व्याज पण आपल्यालाच परत. आता त्याच बायकांना गोळा करून फायनान्सवाले कर्ज वाटतात आणि एकेकीच्या डोक्यावर तीन-तीन, चार-चार हप्ते. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे की सगळे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. पण उत्पन्न किती ते फॉर्मवर लिहितो कोण, तर हप्त्याचं टार्गेट असलेला पोरगा. गटाच्या मीटिंगला मी मधून मधून बसतो, वहीत बचतीचा रकाना आहे तसाच आहे, बोलणं मात्र सगळं हप्त्याचं चालतं.

तिसरी गोष्ट म्हणजे वस्तू झाली की ती टिकू द्यायची नाही असा जणू नियमच आहे. मावशीचा निळा गाडा घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी अतिक्रमणवाल्यांनी उचलला. कुठली नगरपरिषद ते लिहीत नाही. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकी सामान दोन कामाच्या दिवसांत परत द्यायचं, दंड भरला की. मावशीला गाडा परत मिळाला बारा दिवसांनी, एक चाक नव्हतं, वजनकाटा नव्हता आणि मेथी तर अर्थातच नव्हती. भाड्याचा गाडा उचलला असता तर मालकाने जाऊन सोडवला असता, त्याची ओळख असते. तेव्हा मावशी म्हणाली होती, आपल्या नावाची वस्तू असली की भीती पण आपलीच. बारा दिवस भाड्याच्या गाड्यावर धंदा केला. पिग्मी त्या बारा दिवसांत दहा रुपयाची भरली, बंद नाही केली.

आणि सरकारी योजनांचे निकष. जवळच्या खेड्यातून एक कुल्फीवाला येतो, त्याने पिग्मीची मुदत भरून पैसे हातात आल्यावर जुना फ्रीज घेतला, धंद्यासाठी. घरकुलाच्या यादीचा सर्वे येणार कळल्यावर फ्रीज रातोरात मेव्हण्याच्या घरी, कारण फ्रीज असेल, टू-व्हीलर असेल तर नाव बाद असा तेव्हा नियम होता. आठ दिवस मेव्हण्याच्या घरी कुल्फी. २०२४ मध्ये ते निकष सरकारने शिथिल केले, टू-व्हीलर आणि फ्रीज काढून टाकले, चांगली गोष्ट आहे. पण इतकी वर्षं लोकांना हाच धडा मिळाला ना की काही घेऊ नका, घेतलं तर दाखवू नका. मुलगी सांगत होती की अमेरिकेत पण वृद्ध आणि अपंगांच्या एका सरकारी मदतीत एकट्या माणसाकडे २,००० डॉलरच्या वर साठले की मदत बंद, आणि हा आकडा १९८९ पासून तोच आहे. म्हणजे मूर्खपणाला पासपोर्ट लागत नाही. एका हाताने बचत करा म्हणायचं आणि बचत दिसली की दुसऱ्या हाताने कार्ड काढून घ्यायचं.

नावाचं पण आहे. धुणीभांडी करणारी एक ताई माझ्याकडे सहा वर्षं भरत होती, त्यातून गावाकडे दोन खोल्या बांधल्या. उतारा नवऱ्याच्या नावावर. नवऱ्याने त्या गहाण टाकल्या, तिला कळलं तेव्हा सावकाराची माणसं माप घ्यायला आली होती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्ती काढली होती, शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची, माझ्या आजोळी दोघांनी केली होती आणि अख्खं गाव त्यांना हसलं होतं. पुढे घर दोघांच्या नावावर लावायची मोहीम पण आली. पण ग्रामपंचायतीतून घराचा उतारा काढून त्यावर बायकोचं नाव खरंच चढलंय का हे बघणाऱ्या बायका माझ्या १४० गिऱ्हाइकांत मला पाच-सात पण सापडल्या नाहीत. मी आता नवीन खातं उघडताना वारसाच्या रकान्याबरोबर हे पण विचारतो. माझं काम नाही ते, तरी विचारतो.

लाडकी बहीणबद्दल म्हणाल तर माझ्या लाईनीत काय झालं ते सांगतो, बाकी महाराष्ट्राचं मला माहीत नाही. जुलै २०२४ पासूनचे पैसे जमा व्हायला लागले, पहिल्या हप्त्यांचे खरंच कपडे झाले, भांडी झाली, सण होता, का होऊ नयेत? तुमच्या-माझ्या घरात बोनसचं काय होतं? पण त्यानंतर माझ्याकडे १९ बायकांनी रोजची रक्कम वाढवली. दोघींनी मिळून शिलाई मशीन घेतलं, पिको-फॉलचं. एका आजींनी शेळी घेतली, उस्मानाबादी, गाभण, त्यांना बऱ्याचदा जुळी होतात म्हणून मुद्दाम तीच घेतली, आणि झाली पण जुळीच. एक बोकड आषाढात विकला, पैसे घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या हे पिग्मीत नको, त्याला व्याज नाही, एफडी कर. आजींना सही येत नाही. त्यांना बचत शिकवायला कुणाला पाठवायचं असेल तर आधी त्यांच्याकडून वेळ घेऊन या म्हणावं.

शेवटी एक विनंती, मुख्य म्हणजे त्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो, लांबलं जरा. तुम्ही रोज सोन्याचा भाव छापता. तसंच आठवड्यातून एकदा, आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी, आपल्या तालुक्यातल्या सगळ्या पतसंस्थांचा ऑडिटचा वर्ग छापा, अ, ब, क का ड, आणि शेवटचं ऑडिट कधी झालं ती तारीख. सहकार खात्याकडे हे सगळं असतं, गुपित काही नाही, फक्त ते ऑफिसच्या फाईलीत राहतं आणि ज्याने पैसे ठेवलेत त्याच्यापर्यंत येत नाही. एवढा एक चौकोन २००९ साली तुमच्या पेपरात असता तर मी तो कापून त्या काकांच्या पेटीवर चिकटवला असता आणि स्वतः पण त्या संस्थेची बॅग खाली ठेवली असती. जाहिराती जातील ही अडचण मला समजते. पण पान १ वरच छापा असं मी म्हणत नाही, राशिभविष्याच्या शेजारी चालेल, ते सगळे वाचतात.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक पिग्मी एजंट
जि. सोलापूर
(नाव छापू नये ही विनंती, उद्या परत त्याच लाईनला जायचंय.)